देश निवडण्याआधी आम्ही दवाखाना निवडला

जानेवारी २०२५ मध्ये नवऱ्याला आठवडाभराच्या अंतराने दोन ऑफर लेटर आली. एक इंग्लंडच्या मिडलँड्स भागातलं, दुसरं जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या शहरातलं. काम दोन्हीकडे ऑटोमेशनचंच. पगाराचा आकडा असा, की रुपयांत सांगितला तर नातेवाईक खूश आणि तिथलं घरभाडं वजा केलं की आपण जमिनीवर. अशा वेळी लोक शाळा बघतात, हवामान बघतात, पी.आर. (कायमचं राहण्याचा परवाना) किती वर्षांत मिळतो ते बघतात. आमच्याकडे पहिला प्रश्न दवाखान्याचा होता, कारण मनू.

मनू आमची मुलगी, तेव्हा सात वर्षांची. चौथ्या वर्षी तिला टाइप १ डायबेटिस निघाला. पथ्य आणि गोळ्यांवर भागणारा प्रकार हा नाही, इन्सुलिन रोज आणि जन्मभर. मी स्वतः फार्मसिस्ट, जळगावात रिंग रोडच्या बाजूला एका मेडिकलवर बरीच वर्षं बसले. मला थायरॉइड आहे आणि गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे गाठ. सासूसासरे पारोळा तालुक्यात गावी असतात. नाना बहात्तर वर्षांचे, हृदयात स्टेंट. आईंना नेहमीची, गोळ्यांवरची शुगर आणि गुडघ्यांचा त्रास. एवढा केसपेपर घेऊन कोणत्या देशात जावं, याचं उत्तर इंटरनेटवरच्या ‘जगातल्या दहा उत्तम आरोग्यव्यवस्था’ छापाच्या याद्यांत मिळत नाही. आम्ही ते कसं शोधलं, किती पैसे लागले, कुठे अडलो, ते सगळं इथे लिहून ठेवते आहे.

आईंना बातमी सांगितली तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही. म्हणाल्या, “तठे पोरले काई व्हयनं ते रातले कोनले उठाडशात?” (तिथे पोरीला काही झालं तर रात्री कोणाला उठवाल?)

जळगावात याचं उत्तर तयार होतं. मनूच्या डॉक्टरांचा मोबाइल नंबर. रात्री दीड वाजता कीटोनच्या (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात वाढणारा घातक पदार्थ) पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला तरी त्यांचं उत्तर यायचं. ही सोय कुठल्याच विकसित देशात मिळणार नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा. त्या बदल्यात जळगावात खर्च सगळा आपल्या खिशातून. दंडावर लावायचा ग्लुकोज सेन्सर चौदा दिवस चालतो आणि साडेचार-पाच हजारांना पडतो. इन्सुलिनची पेनं, सुया, पट्ट्या वेगळ्या. आमच्या फॅमिली फ्लोटर पॉलिसीत (सगळ्या कुटुंबाचा एकत्र आरोग्यविमा) यातलं काहीच बसत नव्हतं, कारण ॲडमिट झाल्याशिवाय पॉलिसी हलत नाही.

मग मी एक शंभरपानी वही घेतली आणि देशांच्या नावाने पानं न करता आजारांच्या नावाने केली. मनूची शुगर, माझं थायरॉइड, माझा फायब्रॉइड, नवऱ्याची पाठ, नानांचं हृदय, आईंचे गुडघे. प्रत्येक पानावर तेच प्रश्न: रात्री फोन कोणाला, पैसे कोण देणार, किती थांबायचं, आणि मनूच्या पानावर एक जास्तीचा, शाळेत कोण बघणार. नवऱ्याने एक्सेल शीट केली होती, तिला भरपूर रंग दिले होते. निर्णय मात्र वहीवरून झाला.

इंग्लंडचं पान आधी भरलं, कारण सगळी माहिती इंग्रजीत, सरकारी साइटवर नीट लिहिलेली. तिथली एन.एच.एस., म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, करातून चालते, उपचाराच्या वेळी बिल नाही. पण आपल्यासारख्या बाहेरून येणाऱ्याला व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, अठराखालच्या मुलाला ७७६. आणि तो वर्षावर्षाने नाही, व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचा एकरकमी. पाच वर्षांच्या व्हिसाचा हिशेब केला: दोघांचे १०,३५० आणि मनूचे ३,८८०, मिळून १४,२३० पौंड. तेव्हाच्या भावाने साडेपंधरा लाखांच्या आसपास. कंपनी फक्त नवऱ्याचे भरणार होती. उरलेले ९,०५५ पौंड, म्हणजे जवळजवळ दहा लाख, पहिला पगार हातात यायच्या आधी आम्ही उभे करायचे. आरोग्यसेवेतल्या कामगारांच्या खास व्हिसाला हा अधिभार माफ असतो, तेव्हा तुमच्या घरात नर्स असेल तर हे गणित पार बदलतं.

याशिवाय सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयांना टीबीची तपासणी ठरलेल्या क्लिनिकमध्येच करून घ्यावी लागते, म्हणजे मुंबईची वारी. अकराच्या आतल्या मुलांचा सहसा एक्स-रे काढत नाहीत.

आता इंग्लंडची जमेची बाजू, आणि ती मोठी आहे. सोळाच्या आतल्या मुलांना औषधं फुकट. मोठ्यांना इंग्लंडात एका औषधामागे ९.९० पौंड पडतात, पण थायरॉइडची गोळी नेहमी घेणाऱ्यांना सूट-प्रमाणपत्र मिळतं आणि मग सगळीच औषधं फुकट. ही गोष्ट तिथे राहणाऱ्या आपल्या ओळखीच्या दोन बायकांना माहीत नव्हती, मी इथून कळवली. टाइप १ असलेल्या प्रत्येक मुलाला सेन्सर द्यावा, अशी शिफारस तिथे कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने मार्च २०२२ मध्ये केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये सेन्सरच्या आकड्यावर आपोआप इन्सुलिन सोडणाऱ्या पंपाचीही केली. शाळेचं तर उत्तमच. आजारी मुलांना आधार देणं ही इंग्लंडमधल्या सरकारी शाळांची २०१४ च्या कायद्याने जबाबदारी आहे. मुलाचा आरोग्य-आराखडा लिहून घेतात आणि त्याप्रमाणे वागतात.

मग अडलं कुठे? माझ्या पानावर. तिथे आधी आपल्या भागातल्या जी.पी.कडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं, स्पेशालिस्टकडे त्याच्यामार्फत जायचं. जी.पी.ने पाठवल्यापासून अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा नियम आहे, पण तो २०१६ पासून पाळला गेलेला नाही. प्रतीक्षायादीत तेव्हा ७० लाखांच्या वर केसेस होत्या. मनूला या यादीचं भय नव्हतं. इन्सुलिनवरच्या मुलाला तिथली टीम लगेच हातात घेते, असं तिथल्या आईबापांनी एकमुखाने सांगितलं. फायब्रॉइडला मात्र रांगेतच उभं राहावं लागणार होतं, आणि महिन्यातले चार दिवस माझे कसे जातात ते मलाच माहीत.

जर्मनीची व्यवस्था आणखी जुनी, १८८३ मध्ये बिस्मार्कच्या काळात कायदा झाला तेव्हापासूनची. तिथे व्यवस्था करातून चालत नाही, सरकार विमा सक्तीचा करतं. सरकारी नियमांखाली चालणाऱ्या अनेक विमा संस्था आहेत, त्यांना ‘क्रांकनकासं’ म्हणतात. त्यातली एक आपण निवडायची. हप्ता पगाराच्या टक्क्याने: १४.६ टक्के मूळ, वर संस्थेनुसार अधिकचा भाग, जो २०२५ मध्ये सरासरी २.५ टक्के धरला होता आणि २०२६ साठी २.९. निम्मा कंपनी भरते. समजा पगार महिना ५,००० युरो. २०२५ च्या दराने तुमच्या पगारातून साधारण ४२७ युरो आरोग्याचे आणि ९० युरो म्हातारपणाच्या देखभालीच्या विम्याचे कापले जातात. ऐकायला जबर वाटतं, आहेच. पण या हप्त्यात न कमावणारी बायको आणि मुलं फुकट येतात. एक मूल असो की चार, आरोग्याचा हप्ता तोच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधीपासूनच्या आजाराबद्दल कोणी विचारत नाही.

तिथे खासगी विमाही आहे, पण २०२५ मध्ये वर्षाला ७३,८०० युरोंच्या वर पगार असेल तरच नोकरदाराला तो पर्याय मिळतो. कोणी एजंट ‘खासगी स्वस्त पडेल, डॉक्टर लवकर भेटेल’ म्हणून मागे लागला तर घरात एखादं जुनं दुखणं आहे का ते आधी आठवा. खासगीत प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा, आजार विचारतात, नाकारूही शकतात. आणि नंतर सरकारी व्यवस्थेत परतणं फार अवघड. आम्हाला एकाने व्हिडिओ कॉलवर हेच सांगायला सुरुवात केली, मी टाइप १ म्हटल्यावर त्याचा उत्साह पाच मिनिटांत मावळला.

पाच वर्षांची बेरीज केली तर जर्मनी इंग्लंडच्या अधिभारापेक्षा महागच पडते, हे मी लपवणार नाही. फरक एवढाच, की जर्मनीत पगार आला की कापतात आणि इंग्लंडात पगार यायच्या आधी मागतात. खान्देशातल्या मध्यमवर्गीय घरात दहा लाख कुठून येतात हे सांगायला नको: एफ.डी. मोडून, नाहीतर सोनं ठेवून. नानांना गरज पडली तर म्हणून जी रक्कम बाजूला होती तीच गेली असती.

मनूच्या पानावर इंग्लंड अर्ध्या गुणाने पुढे होतं, शाळेमुळे आणि भाषेमुळे. जर्मनीत अठराखालच्यांना औषधाचे पैसे नाहीत, सेन्सर विमा देतो, पंपही मिळतो. पण शाळेत शिक्षकांवर तशी सक्ती नाही. कोणी मनापासून करतं, कोणी हात झटकतं. मग विम्यातून शाळेत येणारी नर्स मंजूर करून घ्यावी लागते. माझ्या दोन्ही पानांवर जर्मनी पुढे, कारण तिथे स्त्रीरोगतज्ज्ञाकडे थेट जाता येतं. मोठ्यांना औषधामागे पाच ते दहा युरो पडतात, तेवढं चालतं. नानाआईंच्या पानावर दोन्ही देशांत भोपळा. इंग्लंडात कामाच्या व्हिसावर आईवडिलांना कायमचं नेता येत नाही. जर्मनीत मार्च २०२४ पासून कुशल कामगारांना काही अटींवर नेता येतं, पण या वयात आणि या आजारांना तिथे विमा मिळणं अवघड. त्यांचा विचार पारोळ्यातच करायचा होता. मार्चच्या शेवटी जर्मनी ठरली.

एप्रिल-मे कागदांत गेले. जळगावचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या आसपास, त्यात लाइट गेली की आधी फ्रिजमधल्या इन्सुलिनची काळजी. मनूचा जन्म माझ्या माहेरी झाला, पहिलं बाळंतपण म्हणून. त्यामुळे दाखला तिथल्या पालिकेचा. काढून बघितला तर नावाची जागा कोरी! हे आपल्याकडे सर्रास असतं. बाळ जन्मलं की नोंद होते, बारसं नंतर होतं, नाव घालायला परत कोण जातो. कायद्याने पंधरा वर्षांपर्यंत नाव नोंदवता येतं. अर्ज, दोघांचं आधार, शाळेचा बोनाफाइड आणि थोडी चिकाटी लागली. लग्नाच्या दाखल्यावर माझं नाव लग्नानंतरचं, पासपोर्टवरही तेच, म्हणून सुटले. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव यांचा क्रम आणि स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकसारखं आहे का, ते ऑफर येण्याच्या आधीच बघून ठेवा.

लसींचं वेगळं. जर्मनीत १ मार्च २०२० पासून शाळेत जाणाऱ्या मुलाला गोवराच्या दोन डोसचा पुरावा द्यावाच लागतो. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचे दोन डोस असतात, पण माता-बाल संरक्षण कार्डावर ते शाईने, फिकट झालेल्या अक्षरांत. आम्ही बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर तारखांसकट इंग्रजीत यादी करून घेतली. कांजण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, जर्मनीत मुलांना देतात, म्हणून तीही इथेच पूर्ण केली. बीसीजीची, म्हणजे टीबीच्या लसीची, नोंद यादीत ठळक ठेवा. तिकडे आता ती सरसकट देत नाहीत, आणि बीसीजी झालेल्या मुलाची टीबीची त्वचा-चाचणी कधी कधी उगाच पॉझिटिव्ह दाखवते.

डॉक्टरांच्या पत्राबद्दल एक फार्मसिस्ट म्हणून सांगते: ब्रँडचं नाव लिहून नेऊ नका, औषधाचं मूळ नाव, ताकद आणि मात्रा लिहून घ्या. आपल्याकडचे ब्रँड तिकडे कोणी ओळखत नाही. इन्सुलिनच्या बाबतीत तर हे जिवावरचं आहे. भारतात कुपीतलं इन्सुलिन अजूनही बरंचसं ४० युनिट प्रति मि.लि. असतं, त्याची लाल टोपणाची सिरिंज वेगळी. पेनमधलं १०० युनिटचं. युरोपात व्यवहार १०० चाच. जुनी सिरिंज आणि नवी कुपी अशी अदलाबदल झाली तर डोस अडीचपट जातो. मनू पेनवर होती म्हणून प्रश्न नव्हता, पण घरात पडलेल्या सगळ्या लाल टोपणाच्या सिरिंजा मी निघायच्या आधी टाकून दिल्या.

शुगरचं एककही देशागणिक बदलतं. आपण मिलिग्रॅममध्ये मोजतो, इंग्लंड मिलिमोलमध्ये. आपल्या आकड्याला अठराने भागायचं, म्हणजे आपली १८० तिथे १०. जर्मनीत आणखी गंमत, पश्चिम भागात आपल्यासारखंच मिलिग्रॅम आणि जुन्या पूर्व जर्मनीच्या भागात मिलिमोल. श्टुटगार्ट पश्चिमेत, म्हणून मनूला नवे आकडे पाठ करावे लागले नाहीत. नवऱ्याने ही गोष्ट एक्सेलमध्ये घातली नव्हती, हे इथे नमूद करते.

जुलैत मुंबईला नवऱ्याची व्हिसाची अपॉइंटमेंट. रात्रीची अमरावती एक्सप्रेस धरली की सकाळी मुंबईत. फी ७५ युरो, मुलांना निम्मी. इथे आरोग्यविम्याचा एक बारीक सांधा आहे, तो समजून घ्या. जर्मन विमा सुरू होतो नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. व्हिसासाठी मात्र प्रवासाच्या तारखेपासूनचा विमा दाखवावा लागतो, म्हणून मधल्या दिवसांसाठी एक तात्पुरती पॉलिसी विकतात. ती व्हिसाला चालते, पण आधीपासूनचा आजार तिच्यात सहसा वगळलेला असतो. बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं. म्हणजे मनूला त्या पॉलिसीवर नेणं म्हणजे विम्याशिवाय नेणंच. म्हणून ठरवलं की आधी नवरा जाईल, १ ऑक्टोबरला रुजू होईल, घर घेईल, विमा संस्थेत नाव घालेल, आम्ही दोघी मागून. विरहाचे दोन-अडीच महिने गेले, पण मी पुन्हा तसंच करीन.

त्या मधल्या महिन्यांत नानाआईंची घडी बसवली. सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, रुग्णालयातले उपचार वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत. नानांचं आधारवरून निघालं. बोटाचे ठसे उमटत नव्हते (शेतात आयुष्य गेलेल्यांचे उमटत नाहीतच), शेवटी मोबाइलवरच्या ओ.टी.पी.ने झालं. आई सहासष्टच्या, त्या यात बसत नाहीत. पण महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, तिचं कार्ड काढलं. कार्ड काढून थांबू नका. धुळ्यात आणि जळगावात योजनेत असलेली रुग्णालयं कोणती, त्यात हृदयाचं कोणाकडे होतं, हे स्वतः जाऊन आरोग्यमित्राच्या (योजनेचा रुग्णालयात बसणारा माणूस) टेबलावर विचारून या. यादीत नाव असणं आणि तिथे तो उपचार होणं, यात फरक पडतो. पारोळ्याहून धुळं जवळ, म्हणून रात्रीचं रुग्णालय धुळ्याचं ठरलं, १०८ चा नंबर भिंतीवर लिहिला, पुतण्याच्या मोबाइलवर सगळे रिपोर्ट टाकले. महिन्याची औषधं माझ्या जुन्या मेडिकलवरून एसटीने पार्सल जातात.

दोघांसाठी एक खासगी पॉलिसीही घेतली. जुन्या आजारांना तीन वर्षं थांबावं लागणार, आता कायद्याने याहून जास्त नाही. आम्ही हप्ता सप्टेंबरच्या शेवटी भरला, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला.

दात आणि चष्मे जळगावातच उरका. जर्मन विमा मोठ्यांच्या चष्म्याला सहसा पैसे देत नाही आणि दातांत मूलभूत तेवढंच देतो. मी दोन चष्मे करून आणले.

डिसेंबरच्या मध्यात आम्ही दोघी निघालो. तीन महिन्यांचं इन्सुलिन हातातल्या बॅगेत, थंड ठेवणाऱ्या पाऊचमध्ये. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकायचं नाही, तिथे गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. औषधं स्वतःपुरती, साधारण तीन महिन्यांपर्यंतची चालतात. डॉक्टरांचं पत्र वरच ठेवलं होतं, दोन्ही विमानतळांवर विचारलं, दाखवलं, सोडलं.

डिसेंबरच्या मध्यात पोहोचणं सोयीचं नाही, हे तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून काढणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. नाताळ ते नववर्ष बरेच दवाखाने बंद असतात. पालिकेत पत्त्याची नोंद घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत करायची, ती केली. घरमालकाचा सहीचा फॉर्म त्यासाठी लागतो. विमा संस्थेने लग्नाचा आणि जन्माचा दाखला इंग्रजीतलाच घेतला. फोटोचं कार्ड यायला काही आठवडे लागतात, पण तोवर ‘विमा आहे’ असं पत्र मागितलं की लगेच मिळतं. ते मागावं लागतं, आपणहून कोणी देत नाही. मुलांचे डॉक्टर मात्र नवे पेशंट घेईनात. जिथे फोन करावा तिथे नम्र नकार. मी जुलैपासून जर्मन शिकत होते, नकार समजण्याइतकी आली होती.

आणि मग नाताळनंतरच्या एका रात्री मनूला उलट्या सुरू झाल्या. शुगर ३०० च्या वर, कीटोन चढलेले. टाइप १ च्या मुलात उलटी आणि कीटोन म्हणजे थांबायचं नसतं. ११६११७ हा डॉक्टर बंद असतानाचा नंबर, तो आधी लावला. पलीकडच्या बाईने इंग्रजीत दोन प्रश्न विचारले आणि सांगितलं, वाट बघू नका, मुलांच्या रुग्णालयात तातडीच्या विभागात जा. मूल सुस्तावत चाललं तर ११२. आम्ही टॅक्सीने गेलो. काउंटरवर कार्ड नव्हतं, मोबाइलवर ते पत्र दाखवलं. डॉक्टरांनी माझं इंग्रजी पत्र वाचलं, मूळ नावं असल्यामुळे एकही औषध विचारावं लागलं नाही. सलाइन लागलं, सकाळपर्यंत कीटोन उतरले. दोन रात्री ठेवलं, मलाही तिच्याजवळ राहू दिलं. निघताना मी सवयीने पर्स काढली. मोठ्या माणसाला रुग्णालयात दिवसाला दहा युरो भरावे लागतात, मुलांचे तेही नाहीत.

दाखल झाल्याचा एक फायदा असा झाला की त्याच रुग्णालयाच्या डायबेटिस विभागात मनूचं नाव लागलं. जानेवारीत पहिली भेट, तासभर. आहारतज्ज्ञाने रोजच्या जेवणातल्या कर्बोदकांची यादी मागितली. कळण्याची भाकरी, वरण-बट्टी, शेवभाजी यांचे आकडे तिच्या ॲपमध्ये असणं शक्य नव्हतं, मी वजनकाट्यावर मोजून केलेला माझा तक्ता दिला. तिने त्याची झेरॉक्स काढून घेतली. सेन्सर फेब्रुवारीपासून विम्यातून घरपोच येतो. औषधाची चिठ्ठी कागदावर नसते, कार्डातच चढते. मेडिकलवाला कार्ड लावतो आणि देतो. दर तिमाहीत एकदा डॉक्टरकडे कार्ड लावून यावं लागतं, म्हणजे जानेवारीत लावलेलं एप्रिलमध्ये परत. रविवारी मेडिकल बंद, पाळीचं एक उघडं असतं आणि तिथे रविवारी किंवा रात्री उशिरा गेलं की अडीच युरो जास्तीचे लागतात. रिंग रोडला आम्ही रात्री अकरापर्यंत शटर उघडं ठेवायचो, ते आठवून थोडा गर्व होतो.

शाळेचं अजून पूर्ण सुटलेलं नाही. वर्गशिक्षिका चांगल्या आहेत, डायबेटिस विभागातून नर्स येऊन त्यांना शिकवून गेली, शुगर उतरली तर ज्यूस कधी द्यायचा ते त्यांना कळतं. पण दुपारचं इन्सुलिन टोचायला त्या तयार नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे. नर्सचा अर्ज विम्याकडे दिलाय, एकदा कागद अपुरे म्हणून परत आला, डॉक्टरांच्या नव्या चिठ्ठीसकट पुन्हा पाठवला. तोवर दुपारी बाराला मी शाळेत जाते. कोणाला इंग्लंड आणि जर्मनी दोन्ही मोकळे असतील आणि मूल माझ्या मुलीएवढं असेल, तर शाळेच्या या एका मुद्द्याला माझ्यापेक्षा जास्त वजन द्यायला हरकत नाही.

माझी स्त्रीरोगतज्ज्ञाची तारीख मार्चमध्ये मिळाली, थेट, कोणाच्या चिठ्ठीविना. सहा आठवडे थांबावं लागलं. ऑपरेशनची घाई नाही म्हणाले, बघू.

मे महिन्यात जळगावला येतोय. जर्मन सरकारी विमा भारतात चालत नाही, म्हणून तिघांचा वर्षभराचा प्रवास-विमा घेतला, माणशी वीस युरोंच्या आत. त्यातही जुन्या आजाराचं कलम बघून घेतलं: अचानक उद्भवलेलं ते देतात, ठरलेले उपचार नाही. भारतातली फ्लोटर पॉलिसी म्हणूनच बंद केलेली नाही. सेन्सर जास्तीचे दोन नेतेय, उन्हात घामाने सुटतात.